टर्मिनलवरची पाच वर्षांची मांडणी नव्या संगणकावर कशी न्यावी? (उबुंटू २०.०४ वरून २४.०४)

प्रश्न : अक्कलकोट रोड, सोलापूर

नमस्कार मंडळी.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी डिझाइनचे काम पाहतो. आमच्याकडे टेरी टॉवेल आणि जकार्ड चादरी विणल्या जातात. हाताने काढलेले डिझाइन स्कॅन झाले की त्याचे रंग कमी करणे, हुकांच्या (उभे धागे उचलणाऱ्या आकड्यांच्या) संख्येइतकी रुंदी आणि पिकांच्या (आडव्या धाग्यांच्या) संख्येइतकी उंची करून घेणे आणि शेवटी मागाच्या कंट्रोलरला वाचता येईल अशी आठ बिटांची बीएमपी फाइल तयार करणे, हे सगळे मी गेली पाच वर्षे स्वतः लिहिलेल्या लहान लहान स्क्रिप्टांनी टर्मिनलवरून करतो. काही स्क्रिप्टा बॅशमध्ये आहेत, काही पायथनमध्ये, आणि मधल्या बऱ्याच कामाला इमेजमॅजिक हा चित्रे हाताळणारा प्रोग्रॅम आहे. ऑर्डरी आणि सुताचा साठा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहे. सुताच्या कोनांचे (शंकूच्या आकाराच्या गुंड्यांचे) वजन काट्यावरून सिरियल केबलने थेट त्यात नोंदले जाते. रात्री अकरा वाजता क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे चालवणारा प्रोग्रॅम) सगळ्याची बॅकअप प्रत काढतो.

जुना संगणक आता थकला आहे. आपल्याकडचा उन्हाळा सुरू झाला की दुपारी तो तापून आपोआप बंद पडतो, म्हणून मालकांनी नवा घेऊन दिला आणि त्यावर मी उबुंटू २४.०४ बसवले. गेल्या रविवारी होम डिरेक्टरीतले सगळे तारांकन वापरून पेन ड्राइव्हवर घेतले आणि नव्या संगणकावर उतरवले. त्यानंतरची स्थिती अशी आहे की पायथनचे एन्व्हायर्नमेंट (एका कामापुरती वेगळी ठेवलेली पॅकेजेस) सुरूच होत नाही आणि फाइल डोळ्यांसमोर असताना 'अशी फाइल नाही' असे सांगते. माझे अलायस (लांब कमांडची छोटी नावे) गायब आहेत. एसएसएचची (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायची) किल्ली मागाहून वेगळी नेली, तर तिच्या परवानग्या फार मोकळ्या आहेत म्हणून ती स्वीकारली जात नाही. आणि पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी उचलून ठेवली, तर सर्व्हर उभाच राहत नाही.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत आमचा कारखाना तीन दिवस बंद असतो. तेवढ्या वेळात हे काम पुरे करायचे आहे. नेमके काय जसेच्या तसे न्यावे आणि काय नव्याने बसवावे, हे कोणी अनुभवी माणसाने सांगितले तर मोठी मदत होईल. एक गोष्ट मुद्दाम सांगतो : आमच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाचा क्रमांक म्हणजे एक वीण असते. क्रमांक बदलला तर पडद्यावर चित्र ठीक दिसेल, पण मागावर जमिनीच्या जागी फूल आणि फुलाच्या जागी जमीन येईल. त्यामुळे 'साधारण चालते आहे' एवढ्यावर मला थांबता येणार नाही.

उत्तर १ : जुळे सोलापूर

नमस्कार. मी एका शिक्षणसंस्थेतली संगणक प्रयोगशाळा सांभाळतो आणि असे स्थलांतर दर दोन-तीन वर्षांनी करावे लागते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी झालेल्या चुकांची कारणे समजून घ्या, कारण पुढचा सगळा क्रम त्यांतूनच ठरतो. बॅशमध्ये नुसते तारांकन टिंबाने सुरू होणाऱ्या फायलींना लागू होत नाही. त्यामुळे तुमची डॉट-बॅशआरसी, डॉट-प्रोफाइल, गिटची आणि विमची मांडणी जुन्या संगणकावरच राहिली. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट स्वरूपाचा असतो आणि या दोन्हींत लिनक्सच्या परवानग्या किंवा सिम्बॉलिक लिंक साठवण्याची सोयच नाही. शिवाय फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तुमच्या एसएसएचच्या किल्लीची परवानगी तिथेच हरवली. पायथनच्या एन्व्हायर्नमेंटचे दुखणे वेगळे आहे. ते तयार होताना त्याच्या प्रत्येक छोट्या प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत इंटरप्रिटरचा (स्क्रिप्ट चालवणाऱ्या पायथन प्रोग्रॅमचा) पूर्ण पत्ता लिहिला जातो. नव्या संगणकावर वापरकर्त्याचे नाव वेगळे असेल, तर तो पत्ता अस्तित्वातच नसतो. 'अशी फाइल नाही' ही तक्रार तुमच्या स्क्रिप्टबद्दल नसून त्या इंटरप्रिटरबद्दल आहे. आणि पत्ता दुरुस्त केला तरी उपयोग नाही, कारण २०.०४ वर पायथन ३.८ होते आणि २४.०४ वर ३.१२ आहे, सी भाषेतून संकलित झालेली पॅकेजेस सहसा एका आवृत्तीसाठी बांधलेली असतात, ती दुसरीत चालत नाहीत. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ही हलवण्याची वस्तूच नाही. तिची यादी न्यावी आणि नव्या जागी ती पुन्हा बांधावी.

म्हणून माझा नियम असा आहे की जे तुम्ही लिहिले ते न्यायचे, जे दुसऱ्याने लिहिले त्याची फक्त यादी न्यायची. अडचण येते ती या दोन्हींच्या मधल्या गोष्टींची, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या पण तुम्ही बदललेल्या फायलींची. त्यांच्याकडे मी खाली पुन्हा येतो.

याद्यांचे काम जुना संगणक चालू असतानाच, आजच करा. 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' ही कमांड मुद्दाम बसवलेली पॅकेजेस दाखवते. मूळ प्रणालीबरोबर आलेलीही त्यात मिसळतात, त्यामुळे ती ओळीओळीने वाचून आपली तेवढी निवडावी लागतील. प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये शिरून 'पिप फ्रीझ' फाइलमध्ये घ्या. क्रॉनची नोंद होम डिरेक्टरीत नसते, ती /व्हार/स्पूल खाली असते, म्हणून 'क्रॉनटॅब -एल'चे उत्तर वेगळे साठवा आणि रूट वापरकर्त्याचेही बघा. 'ग्रुप्स' कमांड चालवून तुमचा वापरकर्ता कोणकोणत्या गटांत आहे ते लिहून घ्या. तुमचा वजनकाटा सिरियल पोर्टवर आहे, म्हणजे जुन्या संगणकावर तुम्ही केव्हातरी 'डायलआउट' गटात स्वतःला घातलेले असणार, आणि नव्यावर ते पुन्हा करून एकदा लॉगआउट व्हावे लागेल. यानंतर /यूएसआर/लोकल/बिन आणि /ऑप्ट उघडून पाहा. पाच वर्षांत तिथे काय ठेवले होते हे कोणालाच आठवत नाही.

आठवण करून देणारा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार म्हणजे बॅशची हिस्ट्री. उबुंटूमध्ये ती मुळात २००० ओळीच साठवते, तरी त्यांत तुम्ही रोज खरोखर काय चालवता ते दिसते. मी ती कागदावर छापून घेतो आणि प्रत्येक वेगळ्या कमांडसमोर 'ही कुठून आली' ते पेन्सिलीने लिहितो. दोन तास जातात, पण याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. पॅकेज बसवल्याच्या नोंदी /व्हार/लॉग/एपीटीमध्ये असतात, मात्र त्या महिन्यागणिक फिरवल्या जातात आणि साधारण वर्षभराच्याच टिकतात, म्हणून त्यांवर विसंबू नका.

आता मधल्या गोष्टी. /ईटीसीमध्ये तुम्ही काय बदलले ते शोधायला 'डेबसम्स' नावाचे पॅकेज आहे. ते मूळ रूपापासून बदललेल्या कॉन्फिगरेशन फायली दाखवते. तुमच्या बाबतीत मी पैजेवर सांगेन की इमेजमॅजिकची पॉलिसी फाइल त्यात निघेल. उबुंटू त्या फाइलमध्ये पीडीएफ वाचणे बंद ठेवते आणि चित्राच्या रुंदी-उंचीला व मेमरीला मर्यादा घालते, त्यामुळे मोठे स्कॅन हाताळणाऱ्याने ती केव्हातरी सैल केलेली असतेच. पण जुनी फाइल नव्या जागी आंधळेपणाने टाकू नका. दोन्ही शेजारी उघडून आपला बदल तेवढाच पुन्हा करा.

डेटाबेसची डेटा डिरेक्टरी उचलून नेता येत नाही, कारण २०.०४ वर पोस्टग्रेस १२ आहे आणि २४.०४ वर १६. मुख्य आवृत्ती बदलली की साठवणुकीचे स्वरूप बदलते. जुन्यावर 'पीजी-डंपऑल' चालवा. नुसत्या 'पीजी-डंप'मध्ये डेटाबेसचे वापरकर्ते येत नाहीत आणि मग प्रत्येक तक्त्यावर मालकीची चूक दिसू लागते. नव्यावर भरून झाल्यावर एकदा 'अॅनालाइझ' चालवा, नाहीतर पहिल्या दिवशी शोध फार हळू होतील आणि दोष नव्या संगणकाला दिला जाईल.

प्रत्यक्ष फायली नेण्यासाठी पेन ड्राइव्ह सोडा आणि दोन्ही संगणक एकाच राउटरला केबलने जोडून 'आरसिंक -ए' वापरा. तो परवानग्या, तारखा, लिंक सगळे जपतो, आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा चालवल्यावर उरलेले तेवढेच नेतो; आपल्याकडे हा गुण लहान नाही. आधी 'ड्राय रन' (प्रत्यक्ष काही न नेता नुसती चाचणी) करून काय जाणार ते वाचा. स्रोत डिरेक्टरीच्या नावामागे तिरकी रेघ दिली तर आतला मजकूर जातो, न दिली तर डिरेक्टरीच जाते, एवढे लक्षात ठेवा. कॅशे आणि एन्व्हायर्नमेंटच्या डिरेक्टऱ्या वगळा. शेवटी आपल्या सगळ्या स्क्रिप्टांत 'ग्रेप'ने जुन्या होमचा पत्ता शोधा. जिथे जिथे तो थेट लिहिलेला असेल तिथे 'होम' हे चल वापरा, म्हणजे पुढच्या वेळी हे दुखणे राहणार नाही.

उत्तर २ : होटगी रोड, सोलापूर

वरचे उत्तर पूर्ण आहे, पण तीन दिवसांची मुदत पाहता एक जवळचा मार्ग सुचवतो. जुन्या संगणकातली एसएसडी काढून नव्यात बसवा. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे ते दुसऱ्या यंत्रावरही सहसा सुरू होते. मी दोन दुकानांत असे केले आहे आणि एका तासात काम झाले.

उत्तर १ चे लेखक : जुळे सोलापूर

हा मार्ग मीही वापरला आहे आणि आणीबाणीत तो चांगला आहे. तरी या ठिकाणी मी तो सुचवणार नाही. जुनी प्रणाली पूर्वीच्या बायोस पद्धतीने बसवलेली असेल आणि नवा संगणक फक्त नवी यूईएफआय पद्धत मानत असेल, तर ती डिस्क सुरूच होणार नाही. सुरू झाली तरी २०.०४ चा नेहमीचा सुरक्षा-आधार २०२५ मध्ये संपला आहे. उबुंटू प्रो घेतल्यास तो पुढे वाढतो, पण मग हेच स्थलांतर पुढे ढकलल्यासारखे होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्याजवळ आज दोन चालू संगणक आहेत. डिस्क काढली की एकच उरतो, आणि तुलना करायला काही राहत नाही.

उत्तर ३ : पुणे (मूळ गाव बार्शी)

प्रश्नकर्त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल लिहावेसे वाटले, कारण या कामात खरा धोका तिथे आहे आणि बाकीच्या चुका निदान आरडाओरडा तरी करतात.

पायथनमध्ये चित्रांसाठी आपण पिलो हे पॅकेज वापरत असाल असे गृहीत धरतो. जुन्या यादीतील पिलोची आवृत्ती पायथन ३.१२ वर तयार स्वरूपात मिळणार नाही; त्यासाठी १०.१ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी लागेल. पिलो १० मध्ये, म्हणजे २०२३ साली, 'अँटीअलायस' हे नाव काढून टाकले गेले, त्यामुळे आकार बदलणाऱ्या ओळीवर आपली स्क्रिप्ट अडेल. तिथे 'लँक्झॉस' लिहा. हे दोन्ही एकाच फिल्टरचे नाव होते, म्हणून या बदलाने चित्र बदलेल अशी भीती बाळगू नका. तसेच ३.१२ मधून 'डिस्टयुटिल्स' गेले आहे. जुनी एखादी स्क्रिप्ट ते आयात करत असेल तर तीही थांबेल. आणि प्रणालीच्या पायथनमध्ये थेट 'पिप' चालवू पाहाल तर २४.०४ नकार देईल. त्याच्याशी बळजबरी न करता एन्व्हायर्नमेंट तयार करून त्यातच बसवा.

आता रंगांच्या क्रमांकांविषयी. रंग कमी करताना प्रोग्रॅमला 'बारा रंग तूच निवड' असे सांगितलेले असेल, तर आवृत्ती बदलल्यावर तेच बारा रंग निवडले गेले तरी रंगसारणीतला त्यांचा क्रम तोच राहील याची हमी नाही. यावर पक्का उपाय एकच आहे : प्रत्येक दर्जाच्या मालासाठी रंगसारणी स्वतः ठरवून एका फाइलमध्ये ठेवावी आणि स्क्रिप्टने तीच वापरावी. शून्य म्हणजे जमीन, एक म्हणजे फूल, दोन म्हणजे किनार, असे आपण ठरवायचे. हे काम स्थलांतर नसते तरी करायला हवे होते.

तपासणीही नीट समजून करा. दोन संगणकांवरच्या फायलींचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणी-आकडा) जुळला नाही म्हणून घाबरू नका. पीएनजीमध्ये इमेजमॅजिक तारीख लिहिते, आणि बीएमपीचा शीर्षभागही वेगवेगळ्या आवृत्त्या वेगळा लिहू शकतात, तेव्हा चित्र तेच असूनही फाइल वेगळी निघते. उलट, इमेजमॅजिकच्या 'कंपेअर'ने 'फरक शून्य पिक्सेल' सांगितले म्हणून निश्चिंतही होऊ नका. ती कमांड दिसणारा रंग तपासते, रंगाचा क्रमांक नव्हे. आपल्याला क्रमांकच हवा आहे. म्हणून पायथनमध्ये दोन्ही बीएमपी उघडा, चित्र रंगसारणीच्या पद्धतीत, म्हणजे 'पी' मोडमध्ये आहे याची खात्री करा, आणि 'टूबाइट्स'ने मिळणारी क्रमांकांची रांग एकमेकींशी ताडून पाहा. पंचवीस-तीस जुनी डिझाइने घ्या. त्यांत दोन रंगांचे साधे टॉवेलही असू द्या आणि मोराची भरगच्च चादरही असू द्या. त्यांचे मूळ स्कॅन नव्या संगणकावरून पहिल्यापासून चालवा आणि जुन्याच्या फायलींशी ताडा.

जिथे फरक निघेल तिथे दोष कोणत्या पायरीत आहे ते शोधायला नव्या संगणकावर डॉकरमध्ये (प्रणालीतच दुसरी वेगळी प्रणाली चालवण्याच्या सोयीत) उबुंटू २०.०४ ची प्रतिमा उभी करता येते. तिच्यात जुनी पॅकेजेस बसवून एकेक पायरी दोन्हीकडे चालवली की फरक नेमका सापडतो.

उत्तर ४ : विजापूर रोड, सोलापूर

एसएसएचपुरते सांगते. दादा, ती किल्ली पेन ड्राइव्हवरून गेली आहे, तेव्हा तिची परवानगी सुधारून वापरण्यापेक्षा नव्या संगणकावर ईडी२५५१९ प्रकारची नवी किल्ली तयार करा, तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर चढवा, नव्या किल्लीने आत जाता येते हे पाहा, आणि मगच जुनीचे नाव तिथून काढा. हा क्रम उलटा झाला तर आपण स्वतःलाच बाहेर कोंडून घेतो. डॉट-एसएसएच डिरेक्टरीला ७०० आणि किल्लीला ६०० परवानगी असावी. पेन ड्राइव्हवरची प्रत पुसा. हिस्ट्री छापण्याचा सल्ला मला आवडला, पण त्यात एखादा पासवर्ड किंवा टोकन टाइप झालेले असू शकते, म्हणून तो कागद टेबलावर पडू देऊ नका.

प्रश्नकर्ता : अक्कलकोट रोड, सोलापूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. यात्रेचे तीन दिवस संपले आहेत, तेव्हा काय झाले ते लिहितो.

पहिला दिवस याद्यांतच गेला. हिस्ट्रीची छपाई करून बसलो आणि 'ही कुठून आली' याचे उत्तर चौदा कमांडना देता आले नाही; त्यांतल्या बहुतेक /यूएसआर/लोकल/बिनमध्ये निघाल्या. लेबल छापणारा छोटा प्रोग्रॅम तर मीच लिहिला होता आणि त्याची मूळ प्रत दुसरीकडे कुठेही नव्हती. गेल्या रविवारच्या पद्धतीने पुढे गेलो असतो आणि जुना संगणक पुसला असता, तर तो कायमचा गेला असता. आता माझ्या सगळ्या स्क्रिप्टा, रंगसारण्या आणि डॉट-फायली एका गिट रिपॉझिटरीत आहेत. इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये रुंदीची मर्यादा मी खरोखरच बदललेली निघाली.

डेटाबेस पहिल्या प्रयत्नात उतरला. काटा 'डायलआउट' गटात गेल्यावर बोलू लागला.

डिझाइनांची तपासणी मी तीस फायलींवर केली. सव्वीस तंतोतंत जुळल्या. उरलेल्या चारांत रंगांचा क्रम बदलला होता, आणि त्या चारही जुन्या, रंग आपोआप निवडणाऱ्या स्क्रिप्टने केलेल्या होत्या. पडद्यावर मला त्यांत काहीही वेगळे दिसले नव्हते. ठरलेली रंगसारणी दिल्यावर त्याही जुळल्या.

एक प्रश्न मात्र उरला आहे. रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट मी हाताने चालवली की उत्तम चालते, पण अकरा वाजता क्रॉनने चालवली की प्रत तयार होत नाही आणि कुठे चूकही दिसत नाही. क्रॉनटॅब जुन्यावरून अक्षरशः तसाच आणला आहे. /यूएसआर/लोकल/बिनमधले माझे प्रोग्रॅम आता होममधल्या डॉट-लोकल/बिनमध्ये ठेवले आहेत, एवढाच बदल आहे.

उत्तर १ चे लेखक : जुळे सोलापूर

तोच बदल कारण आहे. आपण लॉगिन करता तेव्हा डॉट-प्रोफाइल ती डिरेक्टरी 'पाथ'मध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या जागांच्या यादीत, जोडते. क्रॉन डॉट-प्रोफाइल वाचत नाही आणि डॉट-बॅशआरसीही वाचत नाही. त्याला क्रॉनटॅबमध्ये लिहिलेला 'पाथ' तेवढाच ठाऊक असतो, आणि तिथे अजून /यूएसआर/लोकल/बिन असेल. क्रॉनटॅबमधल्या 'पाथ'च्या ओळीत नवा पत्ता पूर्ण लिहा; त्या ओळीत चलांचा विस्तार होत नाही, म्हणून 'होम' हे चल वापरू नका. चूक दिसत नाही याचे कारण असे की क्रॉन ती ईमेलने पाठवू पाहतो आणि संगणकावर मेल पाठवणारा प्रोग्रॅम नसला तर ती टाकून देतो. बॅकअपच्या ओळीच्या शेवटी साधे उत्तर आणि चुका दोन्ही एका लॉग फाइलमध्ये वळवा आणि सकाळी आल्यावर ती फाइल बघत जा. तयार झालेली बॅकअप प्रतही एकदा रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून पाहा.

प्रश्नकर्ता : अक्कलकोट रोड, सोलापूर

पाथ दुरुस्त केला. काल रात्री अकरा वाजून दोन मिनिटांनी प्रत तयार झाली, आणि आज ती रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून सुताच्या साठ्याची बेरीज जुन्या संगणकाशी जुळवून पाहिली. महिनाअखेरीचे साठापत्रक या वेळी दोन्ही संगणकांवर काढणार आहे. तोवर जुना संगणक पंख्याखाली ठेवून चालू ठेवला आहे.